भागोजीच्या हातातला देव

साठी उलटल्यावर नवऱ्याचं नाव घ्यायला लाज कसली? भागोजी! घेतलं. कुडपणच्या अलीकडं, डोंगराच्या पोटाला आमची वाडी हाय, आन् तिथल्या देवाला कौल लावायचा मान ह्यांच्या घराण्याचा. पाषाणाच्या दोन्ही खांद्यांना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आन् गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नको. लग्न असो, विहीर असो, म्हशीचं दुखणं असो, विचारल्याबिगर पान हलत नाय.

ह्यांचा हात मांडीवर असला की गरीब गाय. पाकळी उचलून देवाकडं न्यायला लागले की लटलट कापतो. सासऱ्यांचाही तसाच कापायचा. लोक म्हणायचे, देव हातात उतरतो. मीही म्हणायची, खोटं कशाला बोलू? पण चहाचा कप उचलतानाही देव का उतरतो, हे मला कंदी कळलं नाय. एकदा विचारलं तर सासूनं उलथनं दाखवलं.

औंदा ह्यांनी कढत चहा छातीवर ओतून घेतला. मुंबईहून आलेला आमचा लेक किशोर ऐकंना, महाडला मेंदूच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. मीही गेले. डॉक्टरनं ह्यांना नाकाला बोट लावायला लावलं, पाणी ओतायला लावलं. मग म्हणाला, "आजोबा, हा कंपवात नाही. त्यात हात स्वस्थ असतानाही हलतो. तुमचा काही करायला गेलात की हलतो. डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो, तो हाताला सावरून नेतो. त्याचा निरोप मेंदूच्या आत, मधल्या एका ठाण्यावर जातो आणि तिथून पुढे हाताकडे. तुमच्यात हा निरोप त्या वाटेवर एकाच ठेक्यात घुमत राहतो."

"म्हंजे पालखीचे पुढले-मागले भोई एकमेकांना सावरायला जातात आन् पालखीच हिंदकळते, तसं?" ह्यांनी विचारलं.

"साधारण तसंच. पुरतं अजून आम्हालाही उमगलेलं नाही. घाबरलात की वाढतं. वडिलांना होतं का? घराण्यात उतरतं बरेचदा."

ह्यांचं तोंड पांढरंफटक पडलं. गोळ्या दिल्या, त्या घरी येऊन फडताळात टाकल्या. म्हणाले, "हात थांबला तर लोक काय म्हणतील, आवडे?"

श्रावणात वाडीच्या वरच्या अंगाला डोंगराला भेग पडली. तलाठी सांगून गेला, खाली कापडे गावच्या शाळेत चला. रायबा आमच्या वाडीचा गावकर, म्हंजे म्होरक्या. तो म्हणाला, आधी देवाला विचारू.

देवळात मी अगदी पुढं उभी होते. पाकळ्या चिकटवून हात मागं घेताना ह्यांचं बोट डावीला लागलं. मी ह्या डोळ्यांनी बघितलं. पाकळी पडली.

"नको म्हणतोय!" रायबा ओरडला. "कुठं जायचं नाय!"

"रायबा, देव बोलला नाय. माझा हात लागला. रोग हाय हा, माझ्या बापालाही होता."

"अरे, तुझ्या हातातच देव हाय! त्यानंच पाडली!"

कपाळ माझं! घरी आलो. वर भेग, खाली आमची चूल. दगड गडगडला की मी पोरीसारखी ह्यांचा सदरा धरायची. दोन-तीन दिवसांत रायबाच्या गोठ्याची भिंत उभी फाटली, तेव्हा त्याच्याही तोंडचं पाणी पळालं. पुन्हा कौल लावायचं ठरलं. ह्यांनी पहिल्या कौलाच्या रातीपासून गोळ्या सुरू केल्या होत्या, हे मला एकटीला ठाऊक.

ह्यांनी पाकळी उचलली. हात जवळजवळ थांबलेला. सगळ्यांचे डोळे त्या हातावर. रखमा, माझी शेजारीण, किंचाळली, "देव गेला गो, आवडे! वाडी सोडून देव गेला!"

पाकळ्या कुणी बघितल्याच नायत. दिस मावळायच्या आत माणसं, म्हसरं, कोंबड्या, सगळी वाडी खाली उतरली. ह्यांनी त्यांना तसंच वाटू दिलं. शाळेत आमच्या शेजारी कुणी अंथरूण टाकंना. ज्याच्या हातून देव गेला त्याच्याजवळ कोण बसणार? हे म्हणायचे, "बसू देत लांब. जिती हायत ना?" जेवताना डोळ्यांतनं पाणी काढायचे आन् म्हणायचे, मिरची तिखट हाय.

मग पावसानं उघडीप दिली आन् गोळ्या संपल्या. ह्यांना वाटलं, आता काय गरज? मीही मेली हो म्हणाले. परवा सकाळी पंगतीत वाढायची पाळी रखमाची, तिनं ह्यांनाही पेज वाढली. ह्यांनी वाटी तोंडाशी नेली आन् निम्मी पेज धोतरावर सांडली. हातातलं पातेलं ठेवून रखमानं ह्यांच्या पायांवर डोकंच ठेवलं.

"देव आला! परत आला!"

झालं! रायबानं म्हसरं सोडली, बायांनी गाठोडी बांधली. डोंगराची भेग तशीच हाय हो, उघडिपीनं ती बुजते का? हे शाळेच्या फाटकात आडवे उभे राहिले, दोन्ही हात पसरून. "जाऊ नका! रोग हाय हा! रायबा, तुझ्या नातवंडांची आण हाय तुला!" भ्यालेल्या माणसाचा हात तो. जितका जोरानं अडवायला जाई तितका जास्त कापत होता. आन् एकेक जण त्या कापणाऱ्या हाताला कपाळ लावायचा, त्याच्या खालून वाकून जायचा, आन् डोंगराची वाट धरायचा.