नागपूर ते बिरसी, चाळीस मिनिटं

माझी नात टाइप करतेय, तेव्हा चुका तिच्या आणि गोष्ट माझी. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी आमच्या केशोरीत घडलेली… मी तेव्हा नऊ वर्षांची होते.

माझा थोरला भाऊ, दादा, नागपूरच्या विमानतळावर दुरुस्तीच्या कामाला होता. वर्षभर घरी आला नव्हता. एक दिवस त्याचं पत्र आलं… साहेब सोमवारी सकाळी विमानाने गोंदियाजवळच्या बिरसीला येणार आहेत, मलाही सोबत आणतात, चाळीस मिनिटांचा प्रवास!

आमच्या घरी घड्याळ कुठलं? आईने गुरुजींना विचारलं, चाळीस मिनिटं म्हणजे किती? ते म्हणाले, चूल पेटवून भात उतरवेपर्यंत.

झालं! सोमवारी उजाडताच आईने चूल पेटवली. बिरसी आपल्यापासून किती लांब, हे तिला ठाऊकच नव्हतं… तिच्या लेखी विमान बिरसीला आलं म्हणजे दादा दारात आला.

भात शिजला. निवला. दुपारी तिने दुसरा टाकला, संध्याकाळी तिसरा… ताट वाढून झाकून ठेवायची आणि दाराकडे बघत बसायची. बाबा म्हणाले, येईल गं, तू दोन घास खा. कसली खाते!

मंगळवारी तिचा धीरच सुटला. सारखी वर आभाळाकडे बघत होती. मला जवळ ओढून म्हणाली, "पोरी, वरून पडला असन त सापडन तरी का तो?" मग मीही भोकाड पसरलं.

आणि बुधवारी दुपारी दादा आला… डोक्यावर ट्रंक, गुडघ्यापर्यंत धूळ! विमान चाळीस मिनिटांतच उतरलं होतं म्हणे. पण साहेबांनी दिवसभर कामाला ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी गोंदियाला चालत पोचेपर्यंत गाडी सुटली. तिसऱ्या दिवशी रेल्वेने अर्जुनीपर्यंत, आणि तिथून पायी.

आईने त्याला ट्रंकेसकट दारातच उभं करून सगळं ऐकून घेतलं. मग त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की ट्रंक खाली पडली.

"इमानानं येतो मनून कायले लिवलास रे? पायी येतो मनून लिवला असतास, त मी बिनघोर जेवली असती!"

आणि त्याला कुशीत घेऊन रडली… बाई गं, काय रडली! मग दोघं एकाच ताटात जेवायला बसले. दादा आभाळातून गाव कसं दिसतं ते सांगत होता, पण आईचं लक्ष त्याच्या पायांच्या फोडांवर.

आता माझी नातवंडं सारखी विमानाने फिरतात. इथून उडालो, इतक्या वाजता उतरणार, असे मेसेज येतात. मी ते वाचते, बरं म्हणते… आणि पोरं घरात पाऊल टाकेपर्यंत मलाही घास उतरत नाही.