खांबाखालचा चुना

पाहुणे येणार म्हटलं की इकडं आधी चुना येतो. रस्त्याकडेचे दगड, झाडांचे बुंधे, संडासाची भिंत, दिसेल त्याला पांढरं करायचं. तो वास आला की मी अजून वाट बदलते, कारण एकदा बादली माझ्याच हातात होती.

सातवीत शाळा सुटली आणि पुढं लग्न होऊन कोकणातून इतक्या लांब उमापूरला आले. गावाबाहेरच्या माळावर शहरातल्या एका संस्थेनं ऊन मोजायची यंत्रं बसवली, तिथं काम मिळालं. खांबावर काचेचे दोन घुमट, एकाचं तोंड आभाळाकडं, एकाचं जमिनीकडं. सकाळी कबुतरांची घाण पुसायची आणि वहीत नोंद करायची.

यंत्रं बसवायला आलेल्या मॅडमनी मला शेजारी बसवून सगळं समजावलं. माझ्यासारखीला इतकं कोण सांगतं? ते उपकार मी विसरणार नाही. "सूर्याकडून ऊन येतं," त्या म्हणाल्या, "त्यातलं काही परत फिरतं, शिवाय तापलेली पृथ्वी धग बाहेर टाकते. आलेलं आणि गेलेलं यातला फरक आत मुरतो. तो फरक आणि आजवर वाढलेलं तापमान ताडून पाहिलं, की हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर पृथ्वी किती तापेल याचा अंदाज बांधता येतो. उपग्रह वरून मोजतात, आपण खालून पडताळतो. फरक फार बारीक असतो हो ताई. म्हणून खांबाखालची जमीन आहे तशीच ठेवायची. गवतसुद्धा उपटायचं नाही."

मग एक पुढारी यंत्रं बघायला येणार असं ठरलं. देखरेखीला गावातलेच एक भाऊ होते.

"ताई, खांबाखाली लई बकाल दिसायलंय. मार चुना."

"मॅडमनी नको म्हटलंय, भाऊ."

"मॅडम काय इथं राहती व्हय? कावून घाबरायलीस? काम नको असंल तर सांग, बाया लई हायत."

मी चुना मारला. पुढाऱ्यानं गाडीची काच खाली केली, हात हलवला आणि गाडी तशीच पुढं गेली.

पांढऱ्या चुन्यावरून ऊन जास्त परत फिरलं आणि जमिनीकडच्या घुमटाचा आकडा उसळला. भाऊ हसले, "बघ, यंत्राला बी सण वाटला!" आणि वहीत 'सर्व ठीक' लिहायला लावलं. मी लिहिलं. एरवी नखात कबुतराची घाण असली तरी हात धुऊन मी जेवते. त्या दोन शब्दांनंतर तीनदा हात धुतले, तरी ताट तसंच सरकवलं. स्वतःच्या हाताची शिसारी आली.

तिसऱ्या दिवशी मॅडमना फोन लावला. सगळं सांगून टाकलं.

"खरवडू का?" मी विचारलं.

"नको, मातीही जाईल. कधी मारला, कुठवर मारला, तेवढं लिहा. ते दिवस आपण बाजूला काढू. नाहीतर उपग्रहच चुकतोय असं आम्ही धरून बसलो असतो."

मला कामावर ठेवणार का, हे विचारायचा धीर झाला नाही.

'सर्व ठीक'वर रेघ मारली. खाली लिहिलं, चुना मारला. मारणारी मी, मारायला लावणारे भाऊ.

भाऊंनी वाचलं. "माझं कावून लिवलं?"

मी पेन पुढं केलं. "खरं हाय ना? मग सही करा."

अजून त्यांनी केलेली नाही. तोंडात गुटखा धरून रोज माझ्याकडं बघतात आणि माळावरच पचकन थुंकतात, चुन्यापासून हातभर अंतरावर. मी तेही वहीत लिहिते.