चिनी जहाजाच्या वहीतला आमचा एक तास

ब्रिटिश नौदलात माझी पोस्टिंग पोर्ट्समथला होती. फ्रिगेट या लढाऊ जहाजावर, ब्रिज ड्यूटी, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे; हुद्दा एबल सीमन, साधा खलाशी. काम नॅव्हिगेटरच्या हाताखाली. चार्ट, म्हणजे समुद्राचे नकाशे, अद्ययावत ठेवायचे, वेळा टिपायच्या, भरती-ओहोटीचा हिशेब करून पेन्सिलीने मांडायचा. जहाजाचं नाव देत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

हे लिहायचं कारण गेल्या महिन्यातली लंडनच्या इल्फर्डमधली सभा. आमचा छोटा गट आहे, आम्ही पत्रकं वाटतो. मागणी एकच: दोन देशांची लढाऊ जहाजं जवळ आली की कोणी कुठल्या चॅनलवर काय बोलायचं, याचे लेखी करार करा आणि ते पाळा. बेसिंगस्टोकहून आलेल्या एका काकांनी पत्रक हातात धरून विचारलं, "अरे, तू गणवेश घातलेला माणूस. चीन अख्खा समुद्र गिळायला निघालाय आणि तू करार वाटत फिरतोस?" हॉल हसला. मला उत्तराला तीन मिनिटं दिली होती. त्यात ते मावत नव्हतं. म्हणून इथे.

काका, तुमचं निम्मं बरोबर आहे, ते आधी कबूल करतो. चीन भराभर जहाजं आणि पाणबुड्या बांधतोय. दक्षिण चिनी समुद्राच्या नकाशावर तुटक रेघा ओढून जवळजवळ सगळं पाणी आपलं म्हणतोय. भरतीला बुडणाऱ्या खडकांवर काँक्रीट ओततोय. व्हिएतनाम आणि फिलिपीन्सचे मच्छीमार आज्या-पणज्यांपासून जिथे जाळी टाकत आले, तिथून त्यांना हाकलतोय. याचा मला तेव्हाही संताप होता, आजही आहे. पण टीव्हीच्या पडद्यावर बाण दाखवून "आता युद्ध अटळ" म्हणणारे कोट घातलेले लोकही मला तितकीच चीड आणतात. त्यांच्यापैकी कोणी धुक्यात रबरी बोटीत बसलेला नसतो.

जहाजावरच्या आमच्या छोट्या रबरी बोटीचा कॉक्सवेन होता लीडिंग सीमन डेव्ही हॉब्ज. कॉक्सवेन म्हणजे बोट हाकणारा. मी दहा वर्षांचा असताना नागपूरहून लंडनजवळच्या स्लाऊला आलो, तिथेच वाढलो, म्हणून तो मला स्लाऊच म्हणायचा. माझ्या बंकखाली चिनी नौदलावरची कात्रणं आणि पत्रकं असायची. तो ती चहाच्या वेळी मेसमध्ये मोठ्याने वाचून दाखवायचा.

"स्लाऊ, यात सगळं आहे. किती क्षेपणास्त्रं, किती पाणबुड्या. हे लोक जेवतात की नाही ते कुठेच नाही."

"जेवतात. तुझ्यापेक्षा बरं जेवतात."

"मग माझी तिकडे बदली करून दे."

एका सप्टेंबरात एक चिनी डिस्ट्रॉयर पोर्ट्समथच्या भेटीला आली. चार दिवस बँड, हस्तांदोलनं, फुटबॉल. जेटीवरच्या गर्दीत स्लाऊहून माझे बाबाही आले होते, कॅमेरा घेऊन. पाचव्या दिवशी खाडीबाहेर दोन्ही जहाजांचा छोटा सराव ठरला. विषय सर्च अँड रेस्क्यू, समुद्रात हरवलेल्यांचा शोध आणि सुटका. त्यांचा एक अधिकारी, लेफ्टनंट लिऊ, लिएझन, म्हणजे संपर्क अधिकारी, म्हणून आमच्या ब्रिजवर आला. तिशीच्या आतला. इंग्रजी सावकाश पण स्वच्छ.

लिऊच्या हातात एक वही होती. आम्ही दोर सोडला, त्याने वेळ लिहिली. आम्ही वळलो, त्याने वेळ लिहिली. बोट उतरवायला किती सेकंद लागले, तेही. मी पाहत होतो आणि पेटत होतो. संधी मिळताच नॅव्हिगेटरला म्हणालो, "मॅम, तो आपलं सगळं टिपून घेतोय."

नॅव्हिगेटर होत्या लेफ्टनंट फेअरली. मान वर न करता म्हणाल्या, "आपण त्यांचं टिपत नाही आहोत, असं तुला वाटतं का?"

०९५२ला आमची बोट पाण्यात उतरली. हॉब्ज आणि आणखी दोघे. सरावासाठी एक बोया, म्हणजे तरंगती खूण, नेऊन ठेवायचा आणि परत यायचं. वाइट बेटाच्या दक्षिणेला, मालवाहू जहाजांच्या वाटेपासून फार लांब नाही. १०१०ला धुकं आलं. पाच मिनिटांत आमचीच डेकवरची तोफ दिसेनाशी झाली. कॅप्टनने सराव थांबवला आणि बोटीला परत बोलावलं.

मग रेडिओवर हॉब्ज.

"इंजिन डेड. ड्रिफ्टिंग. पोझिशन फॉलोज." त्याने अक्षांश-रेखांश सांगितले. "टाइम झीरो नाइन टू फाइव्ह झुलू."

त्यानंतर खरखर, आणि मग काहीच नाही.

नागरी वाचकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. नौदलाचे संदेश झुलू वेळेत असतात, म्हणजे ग्रिनिचच्या. आमच्या ब्रिजवरचं घड्याळ ब्रिटनच्या उन्हाळी वेळेवर होतं, एक तास पुढे. हॉब्जचे ०९२५ म्हणजे आमच्या घड्याळातले १०२५. हे शिकाऊ पोरालाही माहीत असतं. मला माहीत होतं. तरी मी पेन्सिलीने ०९२५ लिहिलं, मान वर करून भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि त्यातून ०९२५ वजा केले. बोट जेवढा वेळ वाहत होती, त्यात मी एक तास फुकटचा वाढवला. प्रवाह पूर्वेला होता, ताशी सुमारे दोन मैल. म्हणजे बोट जिथे होती, तिथून दोन मैल पुढे मी चार्टवर फुली मारली.

नियम असा की असा हिशेब दुसऱ्याने तपासायचा. लेफ्टनंट फेअरली रडारवर होत्या, धुक्यात दोन मोठी कंटेनर जहाजं जवळून चालली होती. त्यांनी विचारलं, "चेक्ड?"

मी म्हणालो, "चेक्ड, मॅम." माझा हिशेब मीच तपासला होता.

आम्ही फुलीपाशी गेलो. भोंगा दिला, इंजिनं मंद केली, ऐकलं. काही नाही. रबरी बोट रडारवर धड दिसत नाही. ११३०ला मी नवी फुली काढली, तीच चूक घेऊन. कॅप्टनने ती पोझिशन चिनी जहाजाला कळवली आणि तिथून पूर्वेकडे शोधायला सांगितलं. दोन्ही जहाजं चुकीच्या दिशेला निघणार होती. हॉब्ज मागे होता, इंजिन नसलेल्या बोटीत, आणि त्याच्याकडे सरकणाऱ्या कुठल्याही जहाजाला तो दिसणार नव्हता.

चिनी ऑपरेटरने संदेश शब्दशः परत वाचला. आमच्याकडेही अशी पद्धत आहे, पण आमचे लोक घाईत "रॉजर" म्हणून मोकळे होतात. तो नाही झाला. संपूर्ण वाचून झाल्यावर म्हणाला, "क्वेश्चन. अवर लॉग. युवर बोट इन वॉटर झीरो एट फाइव्ह टू झुलू. लास्ट मेसेज झीरो नाइन टू फाइव्ह झुलू. टाइम नाऊ वन झीरो थ्री थ्री झुलू. ड्रिफ्ट वन अवर. यू सेंड टू अवर्स. कन्फर्म."

माझी पहिली प्रतिक्रिया लिहितो, लाज वाटते तरी. मी म्हणालो, "सर, ते वेळ काढतायत."

लिऊ माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याने वही उघडून चार्टवर ठेवली. इंग्रजी आकडे, नेटके. ०८५२. शेजारी कंसात आमची स्थानिक वेळ, ०९५२.

"ही तुमची बोट," तो म्हणाला. "या वेळेला खाली गेली. त्याच्या आधी ती वाहू शकत नाही. तुमच्या हिशेबात ती उतरण्याआधीच वाहते आहे."

०९२५. बोट उतरली ०९५२ला. आमच्याच घड्याळाने. मी तासाहून जास्त वेळ त्या आकड्याकडे बघत होतो.

"मॅम," मी म्हणालो. "माझी चूक. झुलू वेळ धरली नाही."

लेफ्टनंट फेअरलींनी माझ्या हातातून पेन्सिल घेतली. चाळीस सेकंदांत नवी फुली. दोन मैल पश्चिमेला. कॅप्टन रेडिओवर स्वतः बोलला: "युवर फिगर्स करेक्ट. अवर एरर. न्यू पोझिशन फॉलोज." त्यांचं जहाज त्या जागेला आमच्यापेक्षा जवळ होतं.

मग सदतीस मिनिटं. त्यातलं मला फार आठवत नाही. लिऊने दोनदा वेळ लिहिली.

१२१२ला रेडिओ.

"व्हिसल हर्ड. लोअरिंग बोट."

१२१८ला पुन्हा. "थ्री पर्सन्स. ऑल अलाइव्ह. वन इज आस्किंग फॉर टी."

कॅप्टनने टोपी काढली आणि परत घातली. लेफ्टनंट फेअरली खुर्चीत बसल्या, ड्यूटीवर त्या कधी बसत नसत. मी चार्टच्या टेबलाला धरून उभा होतो. मला हसू येत होतं आणि ते थांबत नव्हतं. लिऊने मला कोपरखळी मारली. बस्स, एवढंच.

परत आल्यावर हॉब्जची तक्रार अशी: "बिनदुधाचा चहा, स्लाऊ. हिरवा. माणसाला वाचवायचं आणि मग हे पाजायचं."

चौकशी झाली. लेफ्टनंट फेअरली म्हणाल्या, "चार्ट माझा, चूक माझी." मी म्हणालो, माझी. दोघांचीही नोंद झाली. मला जादा ड्यूट्या लागल्या, त्या रास्त होत्या. हॉब्जला मी मेसमध्ये सगळं सांगितलं, तासासकट. त्याने ऐकून घेतलं, मग तो म्हणाला, "पुढच्या वेळी घड्याळ मी धरतो, बोट तू हाक."

लिऊ उतरायच्या आधी मी त्याला विचारलं, "तुम्ही आमच्यावर नजर ठेवत होतात ना?"

"हो. माझं कामच ते."

"आणि तुमच्याकडच्या समुद्रात, त्या वादाच्या बेटांपाशी, असं झालं असतं तर?"

त्याने वही मिटली. "तिथे आधी विचारतील, हे पाणी कुणाचं. मग विचारतील, माणसं किती."

काका, माझं उत्तर हे आहे. चीनवरचं माझं मत त्या दिवसाने बदललं नाही. तो माणूस आमची बोट किती सेकंदांत उतरते ते आपल्या सरकारला कळवणारच होता. पण खाडीबाहेरच्या त्या पाण्यात चॅनल ठरलेला होता, शब्द ठरलेले होते, वेळ कुठली धरायची ते ठरलेलं होतं, आणि म्हणून समोरचा मला "तू चुकतोयस" असं सांगू शकला. तिकडे यातलं फारसं काही ठरलेलं नाही, आणि जे आहे तेही पाळलं जात नाही. तिकडे माझ्यासारखा एखादा पेन्सिल घेऊन उभा असेल, चुकेल, आणि त्याला सांगायला कोणी नसेल. करार मैत्रीसाठी नको आहे. मैत्री असती तर करार लागलाच नसता.

मी मुदत संपल्यावर नौदल सोडलं. हॉब्ज राहिला. त्या धुक्यानंतर दोन वर्षं सात महिन्यांनी, दूरच्या एका गरम समुद्रात, तपासणीसाठी एका मालवाहू जहाजावर चढताना बोट लाटेवर उसळली आणि तो जहाजाच्या आणि बोटीच्या मध्ये सापडून चिरडला गेला. मला लेफ्टनंट फेअरलींचा फोन आला. मी स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमध्ये, तिथल्या औद्योगिक वसाहतीत, कामावर होतो.

त्या दोन वर्षं सात महिन्यांत त्याने लग्न केलं आणि त्याला मुलगी झाली.

गेल्या नोव्हेंबरात मी सैनिकांच्या स्मृतिदिनाला पोर्ट्समथला गेलो. पुष्पचक्रं, बिगुल, मग दोन मिनिटं शांतता. हॉब्जची बायको पहिल्या रांगेत होती, मुलीचा हात धरून. मुलगी बापासारखीच रुंद कपाळाची. शांतता निम्मी झाली असेल, तेव्हा तिने खणखणीत आवाजात विचारलं, भूक लागली, आपण कधी जायचं? कुणीही तिला गप्प केलं नाही. लेफ्टनंट फेअरली माझ्या शेजारी होत्या, आम्ही दोघेही सरळ समोर पाहत राहिलो.

लीडिंग सीमन डेव्हिड हॉब्ज. कॉक्सवेन. वय एकतीस.