तांबेऱ्याची साळूबाई

पोलीस ॲक्शन होऊन चार-दोन वर्षं झाली असतील. वेरूळच्या अलीकडच्या एका खेड्यात कडूबाचा गहू ओंबीवर आला होता. माघात आभाळ भरून राहिलं, दहिवर पडू लागलं आणि गव्हाच्या काड्यांवर विटकरी फोड उठले. फोड फुटले की लाल भुकटी उडायची. काडी हात लावताच मोडायची.

कडूबाची बायको साळूबाई गवत काढायला गव्हात शिरली आणि गुडघ्यापर्यंत लाल होऊन घरी आली. दारात सासू बसली होती, मनकर्णाबाई. लुगडं बघून ती ओरडली, "बाहेरची असून पिकात शिरलीस व्हय गं? गहू बाटवलास रांडे!"

"आत्याबाई, रगत नाय हे. तांबेरा हाय. हात लावून बघा."

सासूनं हात लावला नाही.

कडूबा ओट्यावरच होता. सकाळी तोही त्याच गव्हातून फिरला होता. त्याचं धोतरही असंच लाल झालं होतं. ते विहिरीवर धुताना साळूबाईनं त्याला पाहिलं होतं.

"अवो, तुमी तरी सांगा की."

कडूबा जोड्याची माती खरवडत राहिला.

वाऱ्यानं तांबेरा शेजारच्या वावरात गेला, मग साऱ्या शिवारात. बाया साळूबाईला पाणवठ्यावरून हाकलू लागल्या. शेवटी आप्पासाहेब पाटलानं चावडीपुढं सांगितलं, "गहू उभा हाय तवर हिनं शिवेच्या आत पाय ठिवायचा नाय." गर्दीत कडूबाही होता. माहेरी गेली तर भावानं दार लावून घेतलं. त्याचाही गहू उभा होता.

साळूबाई चालत शहरात आली, शहागंजात एका अडत्याकडं धान्य निवडायला बसली. गहू निघाला तरी कडूबा तिला न्यायला आला नाही. गावचा गाडीवान चांदपाशा तिथं माल घेऊन यायचा. पुढच्या साली तो म्हणाला, "तांबेरा यंदाबी आला, साळूबाई. लई वाईट. नुसत्या काड्या उरल्या."

ती सूप घेऊन तशीच उठली. "मंग आता तरी कळलं का लोकायला? मी तर इथं व्हते!"

चांदपाशानं मान खाली घातली. "तुझा तळतळाट लागला म्हणत्यात. अन् कडूबानं दुसरी केली."

"लागला आसंल तर बरंच झालं," साळूबाई म्हणाली.

पुढं तांबेऱ्याची बातमी आली की तिला आनंद व्हायचा. कुणाच्या घरी दाणा आला नाही, कुणाची लेकरं उपाशी झोपली, हे ती चांदपाशाला खोदून खोदून विचारायची. तो सांगायचं टाळू लागला, तर त्याच्यावर चिडायची.

केस पांढरे झाल्यावर गावाचा निरोप आला. कडूबा गेला होता. नको नको म्हणत ती निघाली. पण दिवस गव्हाचे होते, म्हणून तिला शिवेवरच अडवलं. म्हाताऱ्या बायांनी तिच्या बांगड्या तिथंच दगडावर फोडल्या, कुंकू पुसलं.

"तोंड तरी दावा," ती म्हणाली.

"सकाळीच जाळलं," एक बाई म्हणाली, आणि सगळ्या गावाकडं वळल्या.