शांताबाईच्या दोन फुंका

१० जून २०२४ रोजी करंजोटी ग्रामपंचायतीने अठरा हजार सातशे चाळीस रुपयांना भोंग्याचा संच विकत घेतला. या रकमेत दोन भोंगे, ॲम्प्लिफायर, माईक आणि गच्चीवर जोडणी करून देणाऱ्याची मजुरी आली. बोलणारी मात्र वरकड न देता मिळाली. शांताबाई पंचायतीत शिपाई होतीच. माईक टेबलावर ठेवला, तेव्हा तिच्याखेरीज कोणी त्याच्या जवळ जाईना. ग्रामसेवक चिंतामणी भाऊसाहेबांनी एकदा प्रयत्न केला, पण ते इतकं हळू आणि इतकं शुद्ध बोलले की पाटीलआळीत लोकांना वाटलं, आकाशवाणी लागली आहे.

शांताबाईचा आवाज हा तिच्या नवऱ्याच्या कानांचा प्रसाद होता. कोंडूने उभी हयात भिवंडीच्या लूमवर काढली. लूमचा खडखडाट कानात भरला तो कायमचा, आणि सुताची धूळ छातीत गेली तीही कायमची. घरी आला की तो म्हणे, "जरा मोठ्यानं बोल." शांताबाई मोठ्याने बोले. दुसऱ्या वर्षी आणखी मोठ्याने. असा रियाज तीस वर्षं झाल्यावर भोंगा ही तिच्या दृष्टीने चैनीची वस्तू होती. गंमत अशी, की सगळ्या करंजोटीत तिची दवंडी ज्याला कधीच ऐकू आली नाही असा एकच इसम होता, आणि तो तिच्याच घरात जेवत होता.

करंजोटी भिवंडीजवळच्या दापोड्याच्या पुढे, गोडाऊनच्या मधोमध बसलेली. पूर्वी भाताची खाचरं होती तिथे आता निळ्या पत्र्याचे गाळे आहेत आणि गावातली निम्मी माणसं त्यांत शिफ्टने जातात. तिथे फाटकावरच मोबाईल जमा करून घेतात. त्यामुळे आत गेलेल्या माणसाला बाहेरची बातमी कळायची तर ती भिंतीवरून उडत यावी लागते. शांताबाईची दवंडी तशी जाई. पाणी आज उशिरा, घरपट्टीला सूट, रेशनचं धान्य आलं, जन्माच्या दाखल्याचं काम बुधवारी. सगळं ती सांगे, आणि कागदावर नसलेलंही थोडं सांगे.

"समस्त ग्रामस्थांनो, इकडं लक्ष द्या. आज पानी संध्याकाळी हाय. जानकीबाय, पाइप लावून टेम्पो धुवायला न्हाय हाय. मना गच्चीवरून समदा दिसतंय."

जानकीबाई चार दिवस तिच्याशी बोलली नाही, पण पाइप गुंडाळून ठेवला.

खरा रंग चढे तो दर पंधरवड्याच्या मंगळवारी. त्या दिवशी एका संस्थेची दवाखान्याची गाडी गावात येई. डॉक्टर माधवी नावाच्या बाई तपासत, दाबाच्या, साखरेच्या, दम्याच्या गोळ्या तिथेच मिळत. नाहीतर भिवंडीच्या सरकारी दवाखान्यात रांग लावायची, म्हणजे दिवस गेला आणि खाडाही पडला. कोंडूच्या छातीचं औषध याच गाडीतून येई. म्हणून मंगळवारी शांताबाईच्या दवंडीला विशेष धार असे.

अशाच एका मंगळवारी चिंधूशेट बाळारामच्या हॉटेलात बसला होता. चिंधूशेट म्हणजे दोन गाळ्यांचा मालक, तीन टेम्पोंचा मालक आणि पंचायतीचा सदस्य. समोर जिलेबीची बशी. पहिला वेढा तोंडाशी नेला आणि भोंगा बोलला.

"चिंधूशेट, तुमचा रिपोर्ट आलाय. साखर भारी वाढली हाय. डॉक्टरबाय वाट बघतंय. जिथं असाल तिथून या, आनि जे खात असाल ते ठेवा."

हॉटेलातली सगळी डोकी वळली. बाळाराम गल्ल्यावरून उठला, आला आणि चिंधूशेटच्या समोरची बशी उचलून घेऊन गेला.

"अरे, पैसे देनार हाय मी!" चिंधूशेट म्हणाला.

"पैशाचा काय न्हाय शेट. उद्या तुमचा काय झाला तं लोक बोलतील, बाळारामच्या जिलेबीनं गेला."

चिंधूशेटने हॉटेल सोडलं. पुढच्या मासिक सभेत त्याने विषय मांडला, की भोंग्यावरून लोकांची दुखणी चव्हाट्यावर येतात, हे बंद झालं पाहिजे. खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. भाऊसाहेबांनाही ते मनातून पटलं. त्यांना नियमात बसणाऱ्या गोष्टी आवडत, आणि शांताबाई कुठल्याच नियमात पुरती बसत नसे. ठराव झाला: पुढील आदेशापर्यंत भोंग्यावरून काहीही बोलू नये. सूचना व्हॉट्सॲप गटावर टाकाव्यात.

शांताबाईने ठराव वाचून घेतला. "मंजी मी निस्ता झाडू मारू?"

"तसं नाही, बाई," भाऊसाहेब म्हणाले. "संचाची देखभाल तुमच्याकडेच आहे. धूळ पुसायची, अधूनमधून लावून तपासायचा. पण बोलायचं नाही."

"बोलायचा न्हाय," शांताबाई म्हणाली. भाऊसाहेबांना तिचा समजूतदारपणा फार आवडला.

गट स्थापन झाला. पहिल्याच दिवशी त्यावर गुलाबाची फुलं आली, मग सुविचार आले, मग कुणा भावी सदस्याचा वाढदिवस आला आणि तो दोन दिवस चालला. दवाखान्याच्या गाडीची सूचना भाऊसाहेबांनी शुद्ध मराठीत टाकली, ती दोन केकच्या मध्ये सापडली. ज्यांनी पाहिली त्यांनी तिला हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि घरीच बसले. ज्यांना खरी गरज होती त्यांचे मोबाईल गोडाऊनच्या फाटकावर टोपलीत पडले होते.

मंगळवारी गाडीला सहा पेशंट मिळाले. त्यांतला एक कोंडू, आणि एक गाडीचा स्वतःचा ड्रायव्हर, ज्याला सर्दी होती.

डॉक्टर माधवी शांताबाईला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मावशी, इथं आधी पन्नास-साठ जण असायचे. काय झालं? लागोपाठ दोन वेळा पंचवीसच्या खाली गेलं, तर संस्था ही फेरी पडघ्याकडच्या गावाला देणार. माझ्या हातात नाही ते."

"पुढच्या टायमाला येतील, बाय," शांताबाई म्हणाली. पण घरी जाताना तिच्या डोळ्यांपुढे भिवंडीची रांग होती, आणि त्या रांगेत धापा टाकत, कुणी नाव पुकारलेलं ऐकू न येता बसलेला कोंडू.

पंधरा दिवस ती दारोदार फिरली. बायका म्हणत, "येतंय येतंय," आणि मंगळवार कुठला हेच विसरत. भोंग्याने गावाला अशी सवय लावली होती, की कानात सांगितलेलं कुणाला खरं वाटेना.

तो मंगळवार उजाडला. गाडी पंचायतीसमोर लागली. दुपार कलली तरी सातजणच आले होते. डॉक्टरबाई घड्याळ बघू लागल्या आणि ड्रायव्हरने टेबलाची घडी घालायला सुरुवात केली.

शांताबाई आत भाऊसाहेबांच्या टेबलाशी गेली.

"भाऊसाहेब, आजच्या दिवस बोलू द्या. निस्ता 'गाडी आली' एवढाच बोलतंय."

"बाई, ठराव आहे. मी एकटा कसा मोडणार? पुढच्या सभेत विषय घेऊ."

"पुढच्या सभेला गाडी पडघ्याला गेली असंल."

भाऊसाहेब चष्मा पुसू लागले. माणूस वाईट नव्हता, पण ठराव मोडणं म्हणजे त्यांना दुसऱ्याच्या चपला घालून घरी जाण्यासारखं वाटे.

शांताबाईने जरा विचार केला. "बरा. बोलायचा न्हाय ना?"

"नाही."

"आनि तपासायचा?"

"तपासणीला हरकत नाही. ते तुमचं कामच आहे."

इथे करंजोटीची एक रीत सांगितली पाहिजे. गावात कुणी गेलं, की शांताबाई नेहमीसारखं "समस्त ग्रामस्थांनो" म्हणून सुरुवात करत नसे. ती माईक लावी, त्यात दोनदा फुंक मारी आणि मग गप्प राही. तेवढ्यात गावातले टीव्ही बंद होत, मिक्सर थांबत, कुकरखालचा गॅस बारीक होई. सगळं गाव निवल्यावरच ती गेलेल्या माणसाचं नाव घेई. त्या दोन फुंका ऐकल्या, की हातातलं काम खाली ठेवायचं, हे गावातल्या पोरांनाही न शिकवता कळत होतं.

शांताबाई ॲम्प्लिफायरपाशी गेली. फडक्याने धूळ पुसली. बटण दाबलं. माईकमध्ये फुंक मारली. दुसरी फुंक मारली. आणि ठरावाचा मान राखून एक अक्षरही बोलली नाही.

गावाला फसवायचं मनात असतं, तर तिने खोटं नावही घेतलं असतं. पण तसं काही तिच्या मनात नव्हतं, असं ती आजही शपथेवर सांगते.

गाव निवलं. मग वाट बघू लागलं. नाव येईना. नाव येईना म्हटल्यावर लोकांना वाटलं, गेलेला माणूस एवढा जवळचा असणार की शांताबाईच्या तोंडून शब्द फुटत नाही. आधी बाया निघाल्या, मग म्हातारे. गोडाऊनच्या भिंतीपलीकडेही फुंका गेल्या होत्या. गावात मयत म्हटल्यावर सुपरवायझरही अडवत नाही. निळ्या जाकिटातल्या पोरांची रांग फाटकातून बाहेर पडली. पंचायतीसमोर ही गर्दी झाली.

"कोन गेला?"

"शांताबाय, बोल ना! कोन गेला?"

शांताबाईने ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने भाऊसाहेबांकडे दाखवलं.

"भाऊसाहेब गेला?" मागून कुणीतरी ओरडलं.

"अरे, तो उभा हाय ना समोर!"

एवढ्यात बाळाराम मोटारसायकलवरून आला. हातात झेंडूचा मोठा हार. चिंधूशेट जिलेबीच्या प्रकरणापासून हॉटेलात फिरकला नव्हता. फुंका ऐकल्या तेव्हा बाळाराम दापोड्याच्या नाक्यावर फुलवाल्याशेजारीच दूध घेत होता. त्याने मनातल्या मनात साखरेचा हिशोब केला, 'गेला बिचारा' म्हणाला आणि हार उचलला. गर्दीतून वाट काढत तो पुढे आला, तर समोर पांढरा सदरा घालून खुद्द चिंधूशेट उभा.

"तू हितं?" बाळारामच्या तोंडून निघालं.

"मंग कुठं असनार? हार कोनासाठी हाय?"

बाळाराम हाराकडे बघू लागला. चिंधूशेटही हाराकडे बघू लागला. मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि चिंधूशेटच्या चेहऱ्यावरचा रंग जरा उतरला.

तेवढ्यात खांद्यावर पंचा टाकून कोंडू धापा टाकत पोचला. त्याला फुंका ऐकू आल्या नव्हत्या. लोक पळताना दिसले म्हणून तो पळाला होता. "कोन गेला?" त्याने आपल्या परीने हळू विचारलं. ते पार गाळ्यांपर्यंत ऐकू गेलं.

आता भाऊसाहेबांना बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ठराव करणाऱ्यांपैकी अर्धे सदस्य समोरच उभे होते. भाऊसाहेबांनी माईक हातात घेतला. "ग्रामस्थहो, कोणीही गेलेलं नाही. ही केवळ संचाची तपासणी होती."

मग जानकीबाई म्हणाली, "शांते, मी डाळ चुलीवर सोडून आली गो!"

त्यावर शांताबाईने तोंड उघडलं. माईक भाऊसाहेबांच्या हातात होता, त्यामुळे ठराव काही मोडला नाही. माईकची गरजही नव्हती.

"गेला न्हाय कोन. पन दाब बघितला न्हाय तं जातील. एवढी लांब आलाव तं हात पुढं करा. मयताला येता, जित्या मानसासाठी गाडी हाय तं न्हाय येत?"

लोक हसले. काही चिडलेही, दोन-तीन म्हातारे पुटपुटत घरी गेले. पण बाकीचे आलेच होते, आणि मयताला म्हणून बाहेर पडलेल्यांना गोडाऊनमध्ये लगेच परत जाण्याची घाई नव्हती. ड्रायव्हरने टेबलाची घडी उलगडली. डॉक्टर माधवींनी संध्याकाळपर्यंत एकाहत्तर जण तपासले. चिंधूशेट रांगेत सगळ्यांच्या मागे उभा होता. त्याचा नंबर आला तेव्हा तो फार हळू आवाजात म्हणाला, "डॉक्टरबाय, आकडा कागदावर लिवून द्या. तोंडानं नका बोलू."

गाडी पडघ्याला गेली नाही. पुढच्या सभेत ठराव दुरुस्त झाला: भोंग्यावर नाव घ्यायला हरकत नाही, दुखणं घ्यायचं नाही. सूचना चिंधूशेटनेच मांडली. फुंकांबद्दल वेगळं कलम टाकलं, की त्या मयताखेरीज मारू नयेत. शांताबाईने मान डोलावली. आता ती मंगळवारी एवढंच म्हणते, "चिंधूशेट, बाळारामच्या हॉटेलातून उठा, गाडी आली." दुखण्याचं नाव ती घेत नाही.

हाराचं काय करायचं, हा प्रश्न त्या दिवशी उरला. चिंधूशेट त्याच्याकडे बघायलाही तयार नव्हता. शेवटी कोंडूने तो उचलून दवाखान्याच्या गाडीच्या बॉनेटवर बांधला आणि गाडी लग्नाची असल्यासारखी गावातून बाहेर पडली. बाळारामचं म्हणणं, माईक पंचायतीचा, तेव्हा हाराचे पैसेही पंचायतीने द्यावेत. भाऊसाहेबांचं म्हणणं, जिवंत सदस्याच्या हारासाठी अंदाजपत्रकात तरतूद नाही.

दापोड्याच्या फुलवाल्याचे एकशे साठ रुपये अजून द्यायचे आहेत.