आधी म्हातारे, मग तरणे

संशोधन संस्थेत डॉक्टर पस्तीस होते आणि ताई एकच. डॉक्टर येत-जात, एकमेकांशी भांडत, टक्कल पडेपर्यंत बढतीची वाट बघत. ताई मात्र एकतीस वर्षं त्याच कल्चर रूममध्ये, त्याच डगमगत्या स्टुलावर. संचालक वयानं मोठे, तेही त्यांना ताईच म्हणत.

हुद्दा तांत्रिक सहायक. काम म्हणजे तिथं बाटल्यांत वाढवलेल्या पेशींना खाऊ घालणं. स्टेम सेल ही मोठी लाडावलेली जात. रोज ठरल्या वेळी ताजा गुलाबी खुराक लागतो. एक दिवस चुकला की रुसतात, दोन दिवस चुकला की मरतात. सुट्टीबिट्टी त्यांना कळत नाही. लेकीच्या लग्नादिवशीसुद्धा ताई सकाळी सहाला येऊन बाटल्या भरून गेल्या होत्या. नव्या कपड्यांना जंतुनाशकाचा वास येत होता, पण वास फोटोत येत नाही म्हणून निभावलं.

संस्थेत म्हातारपणावर संशोधन चाले. म्हाताऱ्या उंदरांच्या स्नायूंतल्या पेशी एका बाटलीत, तरण्यांच्या दुसरीत. ताईंचा नियम एकच: आधी म्हातारे, मग तरणे. तरणी पेशी भराभर वाढते. खुराक घालताना तिचा एखादा थेंब म्हाताऱ्यांच्या बाटलीत गेला, तर आठवड्याभरात तीच घर बळकावून बसते. हे ज्ञान कुठल्या पदवीत नसतं, आणि पदवीवाल्यांना ताई ते चारचौघांत ऐकवत.

दोन वर्षांपूर्वी एक नवी संशोधिका हंगामी जागेवर आली. चालायची पळत, बोलायची पळत. ताईंनी पहिल्याच दिवशी तिचं नाव घाई ठेवलं. पहिल्या महिन्यात तिनं तीन बाटल्या नासवल्या आणि तिन्ही वेळा ताईंच्या शिव्या खाल्ल्या. ताईंनी तिला बाटली धरायला शिकवली, आणि वहीत सगळं चिकटवायला शिकवलं, अगदी चिठ्ठ्याचपाट्यासुद्धा. कागदोपत्री तिचे मार्गदर्शक होते सर. सरांचं मार्गदर्शन म्हणजे महिन्यातून एकदा दारात उभं राहून "काय म्हणतंय काम?" असं विचारणं, आणि उत्तर यायच्या आत निघून जाणं.

घाईची जागा दोन महिन्यांत संपणार होती. तरुण संशोधकांना पैसे देणारा एक निधी होता, तो मिळाला तर राहणार, नाहीतर गाशा गुंडाळायचा. हा निधीही दोन वर्षांचा, आणि उंदीर म्हातारा व्हायलाही दोन वर्षं लागतात. म्हणजे उंदराचं म्हातारपण सुरू झालं की संशोधकाची नोकरी संपते. असं गणित मांडायला फार शिकावं लागतं, असं ताई म्हणत.

अशात घाईला घबाड सापडलं. तिनं बनवलेलं एक द्रव्य घातल्यावर म्हाताऱ्या पेशी तरण्यांसारख्या वाढू लागल्या. सर हरखले. त्या महिन्यात ते दारातून आतसुद्धा आले. अर्ज गेला, मुलाखतीचं बोलावणं आलं.

ताईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि त्यांचं तोंड कडू झालं. एकतीस वर्षं म्हाताऱ्या पेशी बघितल्या होत्या. या म्हाताऱ्या नव्हत्या. त्यांनी घाईला शांतपणे सांगितलं, तपासून घे. म्हातारे उंदीर सगळे माद्या होते आणि तरणे सगळे नर, त्यामुळे पेशी मादीची की नराची एवढं बघायचं, एका दिवसाचं काम होतं. संध्याकाळी निकाल आला: म्हाताऱ्या बायकांच्या बाटलीत सगळे तरणे बाप्ये भरले होते. द्रव्याचा चमत्कार वगैरे काही नाही, साधी घुसखोरी.

क्रम कुणी मोडला, म्हणून ताई तणतणत वही चाळायला बसल्या आणि एका पानावर थांबल्या. महिन्यापूर्वी नवऱ्याच्या मोतीबिंदूसाठी त्यांनी एकतीस वर्षांतली पहिली रजा घेतली होती, दोन दिवसांची. जाताना रिक्षा दारात, नवरा घाबरलेला, त्यात घाईसाठी गडबडीत लिहिलेली कामाची चिठ्ठी वहीत नीट चिकटवलेली होती. एक, तरणे. दोन, म्हातारे. अक्षर ताईंचं.

महिनाअखेर त्यांची निवृत्ती होती. निरोपाची पाटी कोरूनही झाली होती: एकतीस वर्षांत एकही चूक नाही. घाईनं त्यांच्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "पान काढू का?"

"वहीतलं पान काढलंस तर हात मोडीन," ताई म्हणाल्या. म्हणाल्या खऱ्या, पण रात्रभर ते पान त्यांनाच टोचत राहिलं.

सरांनी सुचवलं की मुलाखत होऊ दे, मग बघू. प्रयोग पुन्हा करतोय म्हटलं की झालं. मुलाखतीत मात्र घाईनं पहिल्याच पाच मिनिटांत सांगून टाकलं की निकाल खोटा आहे, क्रम माझ्याकडून चुकला. सरांचा चेहरा खुराक शिळा झाल्यावर होतो तसा पिवळा पडला, असं मागाहून कळलं.

मग मुलाखत घेणाऱ्या समितीचे तिघे उसने कोट आणि पायांत पिशव्या घालून कल्चर रूम बघायला आले. त्यांचे म्हातारबुवा अध्यक्ष ताईंकडे वळून म्हणाले, एवढा साधा नियम, तुम्ही पोरांना शिकवत नाही का?

ताईंनी शिकवते म्हणून मान हलवली असती तर भागलं असतं. घाई खाली बघत उभी होती. पाटी शाबूत राहणार होती, पोरगी जाणार होती.

"क्रम हिनं नाही चुकवला," ताई म्हणाल्या. "मी चुकवला. चिठ्ठी माझी आहे, वहीत आहे, बघा."

म्हातारबुवांनी चष्मा सावरून चिठ्ठी वाचली. मग घाईला विचारलं, नियम तुला माहीत होता, मग शंका नाही आली?

"आली," घाई म्हणाली. "पण ताईंनी लिहिलंय, म्हणजे काहीतरी कारण असेल असं वाटलं."

ताईंना ते थोबाडीत बसल्यासारखं लागलं. "फोन होता ना माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "या पोरांना बाटली शिकवली, वही शिकवली. मला उलटं विचारायला तेवढं शिकवलं नाही. ही दुसरी चूक."

निधी मिळाला, मागितल्याच्या निम्मा. वर अट: पहिले सहा महिने तोच प्रयोग नीट करायचा, आणि मार्गदर्शक म्हणून सरांच्या जोडीला चिठ्ठीवाल्या बाई हव्यात, आठवड्यातून दोनदा, सकाळी. सर आठवडाभर गाल फुगवून होते. निरोपाच्या दिवशी ताईंनी पाटी घेतली, आभार मानले, आणि तिच्या काचेवर त्या चिठ्ठीची नक्कल चिकटवून कल्चर रूमच्या दारात टांगली. संचालकांना ते आवडलं नाही. त्यांना विचारलं कुणी?

आता ताई आठवड्याच्या कामाची चिठ्ठी लिहून ठेवतात आणि तिच्यात मुद्दाम एक चूक घालतात. सोमवारी सकाळी दहापर्यंत घाईचा फोन आला नाही, तर तिची धडगत नसते.

परवा सोमवारी ताई घरी फोनपाशी बसल्या होत्या. चूक त्यांनी चार नंबरला घातली होती. पावणेदहाला फोन वाजला.

"ताई, ते दोन नंबरचं मला बरोबर वाटत नाही."

ताईंनी आपल्याजवळची नक्कल काढून दोन नंबर वाचला. पुन्हा वाचला. घाईचंच बरोबर होतं. मग त्यांना असं हसू फुटलं की आतून नवरा विचारत आला, कोण गेलं.

"कुणी नाही," ताई डोळे पुसत त्याला म्हणाल्या, आणि फोनवर म्हणाल्या, "दोन नंबर खोड. आता चार नंबर बघ."