पुंडलिकचं दुसरं गाव

पालघरजवळच्या माहीमच्या कोळीवाड्यात पुंडलिकला सगळे ‘इटलीवाला’ म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. तरुणपणी तो मालवाहू बोटीवर खलाशी होता. आता बायको मंजुळा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा बोईसरच्या कारखान्यात लागला आणि तिकडचाच झाला. पुंडलिककडे शेजाऱ्यांची वाळत घातलेली मासळी राखण्याचं काम उरलं होतं, आणि एक गोष्ट.

त्याची बोट दुरुस्तीसाठी इटलीतल्या एका बंदरात अडकली होती. गोदीतला एक हमाल त्याला रविवारी आपल्या गावी घेऊन गेला. तोरे बियांका. डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यात बसलेलं मूठभर घरांचं गाव, परका माणूस तिकडे फिरकतच नसे. हमालाच्या म्हाताऱ्या आईच्या अंगणात मांदेलीसारखी मासळी टोपल्यांत पडून होती आणि घरचे सगळे चर्चमध्ये गेलेले. एवढं लख्ख ऊन फुकट चाललेलं पुंडलिकला बघवेना. त्याने सगळी मासळी फरशीवर पसरून टाकली.

म्हातारी परतली ती किंचाळलीच. तिकडे ती मासळी लाकडी पिंपात मिठाच्या थरांत मुरवतात, तिला ऊन दाखवत नाहीत. हातातल्या फडक्याने तिने पुंडलिकला झोडपलं, आणि झोडपता झोडपता हसू फुटून खालीच बसली. आळी गोळा झाली. सगळ्यांच्या मधोमध बसवून त्यांनी त्याला जेवू घातलं.

इथे ही गोष्ट कुणाला पटत नसे.

“मासलीला ऊन नाय दाखवत? मंग काय छत्री धरतात तिच्यावर?” शेजारची हंसा म्हणायची, आणि बायका खिदळायच्या.

मंजुळा तेवढी ऐकून घ्यायची. ती गेल्यावर पुंडलिकने एका समजुतीचा आधार धरला. तिकडेही संध्याकाळी कुणीतरी हीच गोष्ट सांगत असणार, मासळीला ऊन दाखवणाऱ्या काळ्या पाहुण्याची. एकट्याने भाकरी मोडताना ते अंगण त्याच्या डोळ्यांपुढे यायचं आणि घास खाली उतरायचा.

सत्त्याऐंशी सालच्या हिवाळ्यात पालघरच्या शिक्षिका विजयाबाई एका गोऱ्या बाईला घेऊन आल्या. केळव्याला सहलीची गर्दी होती, पाहुणीला शांत गाव बघायचं होतं. दोघी इंग्रजीत बोलत होत्या. मासळी वाळवायच्या खळ्यापाशी येताच पाहुणी थबकली.

“ही विचारतेय, मासळी अशी उन्हात कशी टाकली?” विजयाबाई म्हणाल्या. “हिच्या देशात, इटलीत, ती पिंपात, मिठात घालतात. ऊन लागू देत नाहीत.”

हंसाचा हात टोपलीतच राहिला. “अगो बाय! म्हंजे आमचा म्हातारा खोटा नाय!”

पुंडलिक राखणीची काठी टाकून पुढे आला. “बाई, तिला इचारा, तोरे बियांका ठावं हाय का?”

नाव ऐकताच पाहुणीचा चेहरा उजळला. ती भराभर बोलू लागली, मग हळूहळू. पुंडलिक विजयाबाईंकडे वळला.

“सांगा ना.”

“बाबा, तिथे आता हॉटेलं झालीत. उन्हाळ्यात पाय ठेवायला जागा नसते. होड्या गेल्या. घरं विकून लोक शहरात गेले.”

“नि पिपं?”

“हॉटेलांच्या दारात आहेत म्हणे. फुलझाडं लावलीत त्यांत.”

“जुनं कोन असंल की?”

विजयाबाईंनी पाहुणीला विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली.

दोघी परतीच्या वाटेला लागल्या आणि कोळीवाडा पुंडलिकभोवती जमला. हंसाने आपल्या घरचा चहा आणला, कुणीतरी बसायला फळी दिली.

“बाबा, आता नीट सांगा. म्हातारीनं फडक्यानं हानलं, मंग?”

इतकी माणसं आजवर कधी त्याच्या तोंडाकडे बघत बसली नव्हती. पुंडलिकने सांगायला तोंड उघडलं. पण अंगण दिसेना. हॉटेलांपुढे परक्या लोकांचे घोळके दिसत होते, आणि त्यांतल्या एकालाही तो ठाऊक नव्हता.

“मंग काय झालं, बाबा?”

“पुढचं आठवत नाय,” तो म्हणाला. त्याला सगळं आठवत होतं.